लेबकुखन दगडासारखे झाले? फेकू नका, मुरू द्या

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण पहिला घाणा कचऱ्यात जायच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं. तुम्ही लिहिलंय की बहिणीने जर्मनीहून आणलेले लेबकुखन, म्हणजे मध आणि मसाल्याची तिथली नाताळची जाड बिस्किटं, घरात सगळ्यांना आवडले म्हणून पुण्यात ओटीजीत करून बघितले. पहिल्यांदा मध आणि साखर उकळून त्यात अर्धा किलो मैदा मळला, गोळा हाताला चिकटायला लागला म्हणून वर अजून वाटीभर मैदा घातला, १८० वर वीस मिनिटं भाजले आणि दगड झाले. दुसऱ्यांदा दीडशे ग्रॅम बटर, दोन अंडी, बेकिंग पावडर घातली तर मऊ झाले पण चव मसाला केकची. आणि मग तुमचे चार प्रश्न, की कडक का होतात, रेसिपीत पीठ फुगवायला जे हरणाच्या शिंगाचं मीठ म्हणतात त्याच्या जागी नवसागर चालेल का, मसाला इथे कसा करायचा, आणि सासूबाई अंडं खात नाहीत तर काय करायचं.

मी जर्मनीत न्युर्नबर्गच्या शेजारी एर्लांगनला चौदा वर्षं राहते, त्यातली सहा वर्षं एका छोट्या बेकरीत कामाला होते. तिथे सप्टेंबरपासून नाताळपर्यंत टेबलावर लेबकुखनशिवाय दुसरं फारसं काही नसायचं (इथे दुकानांत आपल्या गणपतीच्या सुमारासच लेबकुखनचे डबे लागायला सुरुवात होते). डिसेंबरात नाशिकला आईकडे आले की तिच्या ओटीजीतही हेच करते, त्यामुळे दोन्हीकडच्या हवेत आणि दोन्हीकडच्या सामानात काय होतं ते मला हातानी माहितीये.

आता खरी गोष्ट. तुमचा पहिला घाणा बहुतेक दोन-तीन छोट्या चुकांमुळे जरा जास्त कडक झाला, पण तो बिघडलेला नव्हता. मधाचा लेबकुखन ओव्हनमधून निघून गार झाला की कडकच असतो. इथल्या आज्यासुद्धा तो त्या दिवशी खात नाहीत, डब्यात घालून दोन-तीन आठवडे विसरून जातात. मध हवेतला ओलावा ओढून घेतो, तो हळूहळू आत पसरतो, आणि तेव्हा कुठे तो तुम्ही खाल्लात तसा मऊ आणि चिवटसर होतो. मसाल्याचंही तेच, पहिल्या दिवशी लवंग एकटीच पुढे येते, पंधरा दिवसांनी सगळे एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणजे तुम्ही आपल्याकडची लोणच्याची बरणी घातल्या दिवशी उघडलीत. मुरणं हा शब्द जर्मनमधे एका शब्दात मला अजून सापडलेला नाही, पण लेबकुखनचं सगळं शास्त्र त्या शब्दात आहे.

आणि मुरणं दोनदा असतं. एक भाजल्यावर डब्यात, ते सांगितलं. दुसरं त्याच्याही आधी, पिठाचं. तुमच्या घरी अनारसे होत असतील तर हे समजवायला मला काहीच कष्ट नाहीत. अनारशाचं पीठ गुळात कालवून ठेवतो, ते जितकं मुरतं तितकी जाळी पडते, घाईत केलं तर तुपात विरघळतं नाहीतर वातड होतं. जुन्या पद्धतीच्या लेबकुखनचं पीठ तसंच असतं. फक्त मध आणि मैदा, त्यात अंडं नाही, मसाला नाही, सोडा नाही काही नाही, झाकून थंड जागी काही आठवडे, काही ठिकाणी काही महिने ठेवतात. जर्मनीच्या जाक्सन राज्यात पुल्सनिट्झ नावाचं छोटं गाव आहे, तिथे १५५८ पासून हा धंदा चालतो आणि तिथले लोक अजून असंच साठवणीचं पीठ वापरतात. या काळात मैद्यातली एन्झाइम्स स्टार्च थोडा फोडतात, पीठ मधातलं पाणी नीट पिऊन घेतं आणि हळू आंबण्यामुळे त्यात थोडं आम्ल तयार होतं. हे आम्ल का लागतं ते फुगवणाऱ्या क्षारांच्या वेळी सांगते.

बेकरीत आम्ही हे पीठ लाकडी टबात ठेवायचो. बाहेर काढताना ते इतकं घट्ट असायचं की हातानी मळता येत नाही, आधी ते तोडावं लागतं, इथे त्याला तोडणंच म्हणतात. मला पहिल्या आठवड्यात वाटलं हे वाया गेलं. मग हेडबेकरने त्यातला एक तुकडा घेऊन तळहातात मिनिटभर धरला आणि माझ्या हातात दिला, तो मेणासारखा मऊ झाला होता आणि वास नुसता मधाचा राहिला नव्हता, त्यात किंचित आंबूस, वाइनसारखी झाक आली होती. तो वास आला की पीठ तयार.

घरी महिनाभर थांबायची गरज नाही. एक रात्र हा कमीत कमी हिशोब, तीन दिवस चांगले, आठवडा उत्तम. पुण्यात मी ते फ्रीजमधेच ठेवेन आणि करायच्या दिवशी तीन-चार तास आधी बाहेर काढेन.

आता तुमच्या पहिल्या घाण्यात कडकपणा वाढवणाऱ्या तीन गोष्टी. तुम्ही मध आणि साखर उकळलीत. आपल्या हाताला पाकाची सवय असते, पण इथे पाक करायचाच नाही. उकळलं की मधातलं पाणी उडतं आणि तो गार झाल्यावर चिक्कीकडे जायला लागतो. मध, साखर आणि थोडं बटर मंद आचेवर फक्त साखर विरघळेपर्यंत ठेवायचं, बोट क्षणभर बुडवता येईल इतपत गरम, एकही बुडबुडा नको. दुसरं, वरून घातलेला वाटीभर मैदा. कोमट असताना हे पीठ सैल आणि चिकटच असतं, ते बघून हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो आणि नेमकं तिथेच बिघडतं, कारण गार झाल्यावर मध घट्ट होतो आणि तेच पीठ पोळीसारखं लाटता येतं. चमच्याने कालवा, झाकण ठेवा, तिथून बाजूला व्हा. तिसरं, वीस मिनिटं. सात-आठ मिलिमीटर जाडीला १७५ वर अकरा-बारा मिनिटं पुरतात. बोटानी मधे दाबलं तर खड्डा पडायला हवा आणि हळू वर यायला हवा, त्या वेळी काढायचे. कच्चे वाटतात, कच्चे नसतात. ओटीजीचा आकडा खरा असेलच असं नाही, आईच्या ओटीजीत १७५ लावलं की आत १९५ असतं, म्हणून ओव्हनचा थर्मामीटर आणा, हा एक खर्च मी सगळ्यांना करायला लावते.

माझं घरचं प्रमाण देते. मध २५० ग्रॅम, ब्राउन शुगर १०० ग्रॅम, बटर ६० ग्रॅम, हे वर सांगितलं तसं गरम करून कोमट होऊ द्यायचं. त्यात मैदा ३०० ग्रॅम आणि कणीक १०० ग्रॅम कालवायची (इथे राय नावाच्या धान्याचं पीठ घालतात, कणकेने त्याची रुची येत नाही पण पोत जवळचा येतो), आणि हे मुरायला ठेवायचं. करायच्या दिवशी त्यात बदामाचा कूट १०० ग्रॅम, एक अंडं, मसाला १५ ग्रॅम, कोको एक मोठा चमचा, संत्र्याच्या पाकवलेल्या साली ५० ग्रॅम बारीक चिरून, आणि सोडा. बटर साठ ग्रॅमच का, तर हा मुळात चरबीचा पदार्थच नाही. मध आणि पिठावर उभा आहे म्हणून महिनोन्‌महिने टिकतो. तुमच्या दुसऱ्या घाण्यात बटर आणि अंड्यांनी मैद्याला तोडून केक केला, तो केक चांगलाच झाला असणार, पण तो वेगळा पदार्थ.

मधाबद्दल एक. इथे जुने लोक गडद जंगली मध घेतात. न्युर्नबर्गच्या भोवती राजाचं मोठं जंगल होतं, तिथले मधपाळ त्यात झाडांच्या ढोलीतून मध काढायचे, त्यामुळे त्या जंगलाला साम्राज्याची मधमाशांची बागच म्हणायचे. हा धंदा तिथे वाढला त्याचं अर्धं कारण हा मध. फिका गोड मध मसाल्याखाली दबून जातो. महाबळेश्वरचा जांभळाचा मध मिळाला तर तो घ्या, त्याचा कडसरपणा इथे फार शोभतो. आणि तुम्हाला आखन शहरातले लेबकुखन, म्हणजे प्रिंटन, करायचे असतील, ते पट्टीसारखे कडक असतात आणि त्यात खडीसाखरेचे दाणे दाताखाली येतात, तर तिथे मधाच्या जागी बीटाच्या साखरेचा काळा पाक वापरतात. त्याला आपल्याकडे काकवी आहे. चव तंतोतंत तीच नाही, पण काकवीचे प्रिंटन मी नाशिकला केलेत आणि ते मला मनापासून आवडतात.

आता हरणाच्या शिंगाचं मीठ. नाव जुनं आहे कारण पूर्वी ते खरंच शिंगापासून काढायचे, आज ते अमोनियम कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट असतं. नवसागर अजिबात नाही! नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाला वापरतो तो, दोन्हीत अमोनियम शब्द आहे एवढंच नातं. तो तसा फुगवणार नाही आणि पदार्थ खाण्यालायक राहणार नाही. आपल्याकडे बेकरी सामानाच्या दुकानात खायच्या ग्रेडचं अमोनियम बायकार्बोनेट मागा. पण माझं मत विचाराल तर तुम्हाला लेबकुखनसाठी ते नकोच. साठ अंशांच्या वर ते अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ असं फुटतं. पातळ कोरड्या बिस्किटातून अमोनिया निघून जातो, जाड ओलसर लेबकुखनमधे अडकतो आणि खाताना नाकात जातो. श्पेकुलात्सिउस नावाच्या पातळ मसाला बिस्किटांसाठी ठीक. त्या पिठाची चव कच्ची बघायची नाही, भाजताना खिडकी उघडी ठेवायची आणि ओव्हन उघडताना तोंड लांब.

मधाच्या पिठाला इथे दुसरा क्षार लागतो, पोटाश म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. त्याला वायू सोडायला आम्ल लागतं, आणि म्हणूनच ते पीठ मुरवायचं, मुरल्यावर ते आम्ल तिथे असतं. पोटाश पीठ आडवं पसरवतो, शिंगाचं मीठ वर उचलतं, म्हणून बेकरीत कधी कधी दोन्ही घालतात, पण वेगवेगळ्या वाटीत विरघळवून, एकत्र कधीच नाही. पुण्यात हे काही शोधत बसू नका. खायचा सोडा, वरच्या प्रमाणाला एक छोटा चमचा सपाट, दोन चमचे पाण्यात विरघळवून. मध स्वतः आंबट असतो, ते आम्ल सोड्याला पुरतं. पापडखार घालू नका, तो जास्त तीव्र आहे आणि साबणाची चव येते.

मसाल्याच्या बाबतीत तुमच्या घरात सगळं आधीच आहे, आणि मला हा भाग लिहायला सगळ्यात आवडतं. लेबकुखनचा मसाला उघडला की गोड्या मसाल्याचा डबा उघडल्यासारखं वाटतं, कारण दालचिनी, लवंग, वेलदोडे, बाद्यान, जायपत्री आणि धनेसुद्धा दोन्हीकडे आहेत. हो, धने, आणि लोकांना हे खरं वाटत नाही. न्युर्नबर्ग हे व्यापारी रस्त्यांवरचं गाव, मसाले व्हेनिसवरून यायचे, आणि १५०५ मधे पोर्तुगीजांचा जो ताफा हिंदुस्थानाकडे निघाला त्यात आउग्सबर्ग आणि न्युर्नबर्गच्या व्यापाऱ्यांनी पैसे घातले होते, मलबारच्या मिरीसाठी. मिरी इतकी महाग आणि महत्त्वाची की इथे सगळ्या परदेशी मसाल्यांना मिळूनच मिरी म्हणायची पद्धत पडली, म्हणून जर्मनीच्या पूर्वेकडे याच पदार्थाला मिरीचा केक म्हणतात आणि त्यात बऱ्याचदा मिरी नसतेच.

साधारण ३५ ग्रॅम मसाल्याला दालचिनी १५ ग्रॅम, लवंग ४, धने ४, वेलदोड्याचे दाणे ३, सुंठ ३, बाद्यान ३, जायपत्री २, जायफळ १. इथे ऑलस्पाइसही घालतात, तो मिळाला नाही तर सोडून द्या. एक गोष्ट मात्र पाळा. भाजायचं नाही. आपण गोड्या मसाल्याला सगळं तेलावर परततो, तो हात इथे आवरायचा. मी पहिल्या वर्षी धने भाजले होते, पूर्ण घाणा आमटीच्या वासाचा झाला, आणि मधाबरोबर तो वास जात नाही. उन्हात तासभर ठेवून कोरडे करा, मिक्सरला थोडे थोडे फिरवा आणि मलमलीतून चाळा. धन्याची सालं राहिली तर दाताखाली येतात.

दालचिनी कुठली तेही बघा. बाजारात जी जाड, एकपदरी, लाकडासारखी साल मिळते ती बहुतेक कॅसिया असते. तिच्यात कुमारिन नावाचा घटक जास्त असतो, तो जास्त प्रमाणात यकृताला बरा नाही, त्यावरून इथे २००६ च्या नाताळात दालचिनीच्या चांदणी बिस्किटांबद्दल मोठी चर्चा झाली आणि आता युरोपात सणाच्या अशा बेकरी मालात किलोला ५० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. सिलोनची दालचिनी कागदासारखी पातळ, अनेक पदरांची, बोटांनी चुरता येते, तिच्यात कुमारिन अगदी कमी. मोठ्या माणसाने दोन लेबकुखन खाल्ले म्हणून काही होत नाही, पण घरात लहान मुलं रोज डब्यात हात घालणार असतील तर सिलोनचीच घ्या. चवीलाही ती जास्त नाजूक.

साली घरी करा, टुटीफ्रूटी घालू नका, ती पपई असते, तिच्यात कडवटपणाच नाही, आणि या पदार्थाला तो लागतो. नागपुरी संत्र्याची साल पातळ असते पण चालते, दोनदा पाणी बदलून उकळायची आणि साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. दुसरी जी साल इथे घालतात, हिरवट जाड, ती महाळुंगाची. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ना, तेच. तुम्हाला कुठे मिळालं तर सोडू नका.

अंड्याबद्दल. मधाच्या लेबकुखनमधून अंडं काढून टाका, दोन-तीन चमचे दूध घाला, काहीही बिघडत नाही, जुन्या मूळ पिठात अंडं नव्हतंच. पण बहिणीने आणलेले जर खाली पांढरी पातळ चकती असलेले, आतून ओले आणि सुक्यामेव्याने भरलेले असतील, तर तुम्ही खाल्लेला पदार्थ एलिझेनलेबकुखन असणार आणि तो दुसरा वंश आहे. त्यात पीठ जवळजवळ नसतं, नियमच आहे की बदाम, हेझलनट किंवा अक्रोड कमीत कमी २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के, काजू शेंगदाणे वगैरे चालत नाहीत. त्याला अंड्यानेच बांधलेलं असतं, बिनअंड्याचा मी बरेचदा करून बघितला आणि मला पटेल असा एकदाही जमला नाही. तेव्हा सासूबाईंसाठी मधाचेच करा. एलिझेनची चकती म्हणजे चर्चच्या प्रसादाच्या पापडीचीच जात, घरी करताना ती नसेल तर बटर पेपरवर मिश्रण टेकडीसारखं पसरा, रात्रभर वरून सुकू द्या आणि १५० वर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. हे मात्र निघाल्यापासूनच मऊ असतात, ते कडक लागले तर जास्त भाजले गेलेत.

डब्याचं सांगायचं राहिलं, आणि हवेप्रमाणे इथे फरक पडतो. पूर्ण गार झालेले लेबकुखन पत्र्याच्या डब्यात, थरांमधे बटर पेपर, आणि वर एका वाटीत सफरचंदाची फोड. इथल्या थंडीत ती आठवडाभर राहते, पुण्यात दर दोन दिवसांनी बदला, बुरशी आली तर सगळा डबा जातो. पुणे-नाशिक-नागपूरच्या कोरड्या डिसेंबरात फोड लागतेच. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवाच इतकी दमट की दिवसातून दहा मिनिटं झाकण उघडं ठेवलंत तरी चार-पाच दिवसांत मऊ होतात, तिथे फोड घालू नका.

म्हणजे आत्ता तुमच्याकडे जो दगड घाणा पडलाय त्याला आधी सफरचंदाची फोड लावा, आजच. पाक उकळलेला आणि मैदा जास्त, त्यामुळे त्यांना तीन आठवडेही लागतील. त्यातूनही जे मऊ होणार नाहीत ते मिक्सरला फिरवून ठेवून द्या. फ्रांकेनमधे, म्हणजे न्युर्नबर्गच्या आसपासच्या भागात, आंबट मांसाच्या रश्शाला घट्टपणा यायला लेबकुखनच कुस्करून घालतात, त्यासाठी मुद्दाम बिनसाखरेच्या थराचे कोरडे लेबकुखन विकायला असतात. तुम्ही मांस करत नसाल तर हा चुरा चिंचगुळाच्या घट्ट रश्श्यात दोन चमचे घालून बघा. मी वांग्याच्या भाजीत घालते.

आणि त्याच संध्याकाळी नवीन मध-पीठ कालवून फ्रीजमधे ठेवून द्या. आठवड्याने तोडाल तेव्हा वास कसा आला ते नक्की लिहा, त्यावरून सोडा किती घालायचा ते मी सांगू शकेन.